‘हसाजी’ नावाचे मूळ

सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते तेथे, मंडणगड तालुक्याच्या टोकाशी बाणकोटचा किल्ला उभा आहे. रत्नागिरी जिल्ह्याची उत्तर सीमा येथे संपते. खाडीपलीकडे हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर ही रायगड जिल्ह्यातील गावे लागतात. या पट्ट्यातील जुन्या कागदपत्रांत, वंशावळींत आणि थडग्यांवरील लेखांत अधूनमधून एक नाव भेटते : हसाजी. वाचणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. तानाजी, येसाजी, बाजी या मालिकेत ते सहज बसून जाते. शिवकाळातील सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे मूळ नाव हंसाजी होते, हे ठाऊक असणारा तर हसाजीही त्यातलाच, असे समजून पुढे जाईल. मोडी लिहिताना अनुस्वार अनेकदा गाळला जात असल्याने ही समजूत कित्येकदा बरोबरही ठरेल. पण कोकणातील काही हसाजींचा हंस पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही. त्यांचे नाव बॅबिलोनच्या बंदिवासात बसून दृष्टान्त पाहणाऱ्या एका हिब्रू संदेष्ट्याचे आहे. मराठी बायबलमध्ये हा संदेष्टा ‘यहेज्केल’ म्हणून येतो, इंग्रजीत ‘इझिकिएल’ म्हणून.

हे हसाजी बेने इस्रायल समाजाचे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून समाज वाढला, अशी या लोकांची परंपरागत कथा आहे. पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. उरली ती ‘शमा’ ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा आणि काही नावे. तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांनी स्वतःला मात्र ‘बेने इस्रायल’ म्हटले. ‘बेन’ म्हणजे पुत्र आणि ‘बेने’ म्हणजे ‘चे पुत्र’. ‘यहुदी’ हा शब्द यहुदा या एका वंशावरून आलेला आहे. ‘इस्रायल’ हे याकोबाला मिळालेले दुसरे नाव बारा वंशांना सामावून घेणारे. समाजाने यांपैकी कोणते नाव जपले, यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क लढवले आहेत. व्यक्तिनामांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

हिब्रू भाषेत या नावाचा उच्चार ‘येहेज़्केल’ असा होतो. ते प्रत्यक्षात एक छोटे वाक्यच आहे. शेवटचे ‘एल’ म्हणजे देव. आधीच्या भागात ‘हेत’, ‘ज़ायिन’ व ‘कोफ’ या तीन व्यंजनांचा धातू आहे, ज्याचा अर्थ बळकट असणे, घट्ट धरणे. संस्कृतप्रमाणेच हिब्रूतही शब्दांची घडण धातूंवरून होते. फरक इतकाच की हिब्रू धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो आणि त्यात स्वर बदलून व उपसर्ग-प्रत्यय जोडून रूपे घडवली जातात. आरंभीचे ‘ये’ हे तृतीयपुरुषी क्रियापदाचे चिन्ह. तेव्हा येहेज़्केल म्हणजे ‘देव बळ देतो’ किंवा, आशीर्वादाच्या अर्थाने घेतल्यास, ‘देव बळ देवो’. दोन्ही अर्थ व्याकरणाला मान्य आहेत, आणि बारशाच्या वेळी नाव ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात दुसराच असावा असे मानायला हरकत नाही.

अशी वाक्यनामे प्राचीन हिब्रूंची खासियत होती. मराठी माणसाला ती फार परकी वाटू नयेत. ‘देवदत्त’ या आपल्या नावाचा जो अर्थ, तोच ‘नतनेल’चा : देवाने दिले. ‘योनातान’ आणि ‘मत्तिथ्या’ हीही त्याच अर्थाची. फक्त त्यांत ‘एल’ऐवजी देवाच्या दुसऱ्या नावाचे ‘यो’ किंवा ‘या’ हे लघुरूप आले आहे. ‘मीखाएल’ हे तर प्रश्नार्थक वाक्य आहे : देवासारखा कोण? गोव्यातला आणि दक्षिण कोकणातला ‘मिंगेल’ हाच प्रश्न पोर्तुगीज वळणाने विचारत असतो. यहेज्केलचा सख्खा भाऊ म्हणावा असे नाव यहुदाच्या राजाचे आहे. मराठी बायबल त्याला ‘हिज्कीया’ म्हणते. धातू तोच, देवाचे नाव तेवढे वेगळे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या या राजाच्या मुद्रेचा मातीवरील ठसा यरुशलेममध्ये उत्खननात सापडल्याचे २०१५ साली जाहीर झाले. त्यावर हे नाव अक्षरशः वाचता येते. म्हणजे हा धातू व्यक्तिनामांत वापरण्याची रीत किमान सत्तावीसशे वर्षे जुनी आहे.

यहेज्केल हा संदेष्टा बूजीचा मुलगा, याजकाच्या कुळातला. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेममधून जे लोक पकडून नेले, त्यांत तो होता. खबार नावाच्या कालव्याकाठी, बंदिवासाच्या पाचव्या वर्षी, त्याला पहिला दृष्टान्त झाला. गंमत अशी की अठ्ठेचाळीस अध्यायांच्या त्याच्या ग्रंथात त्याचे नाव अवघे दोनदा येते. इतर वेळी देव त्याला ‘मानवपुत्रा’ अशीच हाक मारतो. पण तिसऱ्या अध्यायात त्या नावावर एक सुरेख श्लेष आहे. लोक हट्टी आहेत, कठोर आहेत, म्हणून मी तुझे मुखही त्यांच्या मुखासारखे कठोर केले आहे, अशा आशयाचे देवाचे बोल तेथे आहेत, आणि ‘कठोर’साठी हिब्रूत वापरलेला शब्द आहे ‘हज़ाक’, म्हणजे येहेज़्केलमधलाच धातू. काही ओळींनंतर ‘परमेश्वराचा हात माझ्यावर जबरदस्त होता’ अशा अर्थाच्या वाक्यात तोच शब्द पुन्हा येतो. नाव आणि वाट्याला आलेले काम यांचा मेळ ग्रंथकार अशा रीतीने दाखवतो. भाषांतरात हा श्लेष हरवतो, मराठीतही आणि इंग्रजीतही.

बायबलमध्ये या नावाचा आणखी एक माणूस आहे, ज्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, मंदिरातील याजकांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्याचे वर्णन आहे. एकूण पाळ्या चोवीस. त्यांतील विसावी चिठ्ठी यहेज्केलच्या नावाने निघाली. त्याच्याविषयी याहून अधिक एक अक्षरही नाही. त्यावरून एवढे कळते की हे नाव याजककुळांत चालणारे होते आणि संदेष्ट्यामुळे ते जन्माला आले नाही. प्रसिद्ध मात्र त्याच्यामुळे झाले.

आता येहेज़्केलचा हसाजी कसा झाला, हा प्रश्न. यात कोडे वाटते तेवढे नाही. अरबी भाषेच्या प्रदेशात हे नाव ‘हिझ्कील’ किंवा ‘हस्केल’ असे बोलले जाई; बगदादच्या यहुद्यांत ‘हस्केल’ हे अगदी रोजचे नाव होते. इराकमधील अल्-किफ्ल येथे या संदेष्ट्याची मानली जाणारी कबर आहे, आणि तेथे जाण्याची प्रथा यहुदी व मुसलमान दोघांतही होती. ‘हस्केल’मध्ये आरंभीचे ‘ये’ गळाले आहे, आणि पुढच्या कठोर ‘क’च्या सान्निध्याने ‘ज़’चा ‘स’ झाला आहे. यापुढचे काम मराठीने केले. नावाचे पहिले ठसठशीत अक्षरयुग्म ठेवायचे, उरलेले टाकायचे आणि ‘जी’ लावायचा, ही आपली जुनी रीत. त्या रीतीने शमुवेलचा ‘सामाजी’ झाला, अब्राहामचा ‘आबाजी’, मोशेचा ‘मुसाजी’, एलीयाचा ‘एलोजी’, आणि हस्केलचा ‘हसाजी’. आबाजी तर असा झाला की तो ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या आणि इस्रायलाच्या, कोणाच्याही अंगणात उभा राहिला तरी ओळखू येऊ नये.

या बदलात एक गोष्ट मात्र कायमची निसटली. ‘हसाजी’त धातूची दोनच व्यंजने उरली आणि ‘एल’ पार गेला. ‘देव बळ देवो’ या वाक्यातला देवच वगळला गेला, आणि त्याच्या जागी मराठीतला आदरार्थी ‘जी’ आला. सामाजीतही असेच झाले. शमुवेल या नावाचा अर्थ ‘ज्याचे नाव देव’ किंवा ‘देवाचे नाव’ असा अभ्यासक लावतात. बायबलमध्ये मात्र त्याची आई हन्ना ‘मी याला देवाकडे मागून घेतले’ असे कारण देते, जे व्युत्पत्तीच्या दृष्टीने शमुवेलपेक्षा शौल या नावाला अधिक शोभणारे आहे. नावांच्या लोककथा आणि नावांचे व्याकरण यांचे त्या काळीही जमत नसे, असे दिसते.

हसाजी आणि सामाजी ही दोन नावे इतिहासात एकत्र भेटतात ती मुंबईत. सामाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतील अधिकारी. आडनाव सांगते की मूळ गाव दिवेआगर, बाणकोटच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचे. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्रायल’ असे उत्तर दिले. हे नाव कुराणात आलेले असल्याने टिपूच्या आईने रदबदली केली आणि जीव वाचला, असे समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सुटकेबद्दलच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. १८६० मध्ये ते सध्याच्या जागी आले. त्याचे नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. यातला ‘रहमीम’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, आणि त्यावरून घडलेला ‘रहमीम’ म्हणजे दया. आईच्या पोटातली माया असाच तो भाव. अरबी ‘रहमान’, ‘रहीम’ हे शब्द याच सेमिटिक धातूचे. सिनेगॉगजवळच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात तो याच सामाजींवरून, आणि मशीद बंदर या स्थानकाच्या नावातली मशीदही हीच ‘जुनी मशीद’, असे सांगितले जाते.

‘सामाजी हसाजी दिवेकर’ या नावाच्या घडणीत आणखी एक योग जुळून आला आहे. सिनेगॉगमध्ये तोराच्या वाचनासाठी माणसाला पुकारतात ते ‘शमुवेल बेन येहेज़्केल’ असे : स्वतःचे नाव, मग पुत्रवाचक ‘बेन’, मग बापाचे नाव. मराठी रीतही स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गावावरून आडनाव अशीच. ‘बेन’ काढून शेवटी ‘कर’ लावला की हिब्रू नाव मराठी होते. केहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर, अष्टमकर ही सारी आडनावे किहीम, पेण, रोहा, चौल, झिराड, अष्टमी या गावांचा नकाशा मांडतात. बेने इस्रायलांची वस्ती प्रामुख्याने कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात होती, हे या ‘करां’वरूनच दिसते.

रत्नागिरीकडे या कथेतले वेगळे काम आले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली बाणकोट येथे आपले केंद्र उघडले आणि पुढे हर्णैलाही शाळा काढल्या. १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरलेले जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी प्रथम याच भागात, बाणकोट-हर्णैला राहिले आणि वर्षअखेरीस मुंबईस परतले. विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८३२ साली त्यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली, ती बेने इस्रायल विद्यार्थ्यांसाठी. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता, आणि तो लपवलेलाही नव्हता. परिणाम मात्र उलटा झाला. हाती व्याकरण आलेल्या या समाजाने ख्रिस्ती होण्याऐवजी आपलीच पोथी वाचायला घेतली. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनीही त्याला मोठा हातभार लावला. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाची ‘हगादा’ हिब्रू आणि मराठीत शिळाप्रेसवर निघाली. पुढच्या पिढीत योसेफ एझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. त्यांच्याही वडिलांचे नाव हेच, हे ध्यानात घ्यावे. मात्र आता ते ‘हसाजी’ राहिलेले नव्हते.

हा बदल एकोणिसाव्या शतकात झपाट्याने घडला. आपल्या नावांची शुद्ध रूपे बायबलात आहेत हे कळताच ‘जी’ गळू लागला. सामाजीचे सॅम्युएल, हसाजीचे एझिकिएल, मुसाजीचे मोझेस झाले. यात विरोधाभास असा की लोकांनी मराठी वळण टाकून जे घेतले ते हिब्रू नव्हतेच. ‘एझिकिएल’ हे ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांतून फिरत फिरत इंग्रजीत पोचलेले रूप आहे. ग्रीकात ‘हेत’ या घशातल्या व्यंजनाला अक्षरच नव्हते, म्हणून ते आरंभीच गळाले. हसाजीने निदान तो ‘ह’ तरी राखला होता. या एका बाबतीत अलिबागचा तेली लंडनच्या पाद्र्यापेक्षा मूळ उच्चाराच्या जवळ होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

इंग्रजी अमलात आडनावेही आक्रसली. पुष्कळांनी ‘कर’ सोडून आजोबांचे नावच आडनावासारखे लावले. इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सीम एझिकिएल (१९२४-२००४) हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. वृंदा नाबर यांच्याबरोबर त्यांनी इंदिरा संत यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद केला. ‘निस्सीम’ हा शब्द मराठी कानाला सीमा नसलेला असा वाटतो. हिब्रूत तो ‘नेस’चे अनेकवचन, म्हणजे चमत्कार. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड, हे चेऊलकर होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. महालक्ष्मी-वरळीच्या डॉ. ई. मोझेस मार्गावरून रोज हजारो लोक जातात. त्यातला ‘ई’ म्हणजे एलायजा, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर. एलायजा म्हणजेच एलीया, आणि शंभर वर्षे आधी जन्मले असते तर ते कदाचित एलोजी मुसाजी राजपूरकर म्हणून ओळखले गेले असते.

जुन्या नावांचा हा ऐवज आज समजू शकतो तो मुख्यतः हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्यामुळे. १८३० साली जन्मलेल्या केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू केली आणि १८९७ पर्यंत समाजाचा इतिहास इंग्रजीतून लिहून ठेवला. सण, चालीरीती, आडनावे आणि ‘जी’कारान्त नावांची हिब्रू मुळे त्यात नोंदलेली आहेत. ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९३७ साली तेल अवीवमध्ये तो प्रसिद्ध झाला. बॅबिलोनमधले बंदिवान जेथे राहत होते त्या वस्तीचे नाव बायबलात ‘तेल अबीब’ असे दिले आहे, आणि आधुनिक शहराने आपले नाव तेथूनच घेतले. ते नाव येते यहेज्केलच्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात. हसाजींचा इतिहास छापला गेला तो अशा गावी.

नावांवरून इतिहास किती सिद्ध होतो, याला मर्यादा आहेत. मुसाजी, हसाजी ही रूपे अरबी उच्चाराकडे झुकतात. पण म्हणून समाज अरबस्तानातूनच आला असे ठरत नाही. कोकणच्या बंदरांत अरब व्यापाऱ्यांची ये-जा हजार वर्षांहून जुनी आहे, आणि बाणकोट, हर्णै, दाभोळच्या कोकणी मुसलमानांतही मुसा, दाऊद, इब्राहिम, इसहाक हीच नावे आहेत. शेजाऱ्याच्या तोंडून नावाचा उच्चार बदलणे हे काही नवल नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये भारतीय आणि मध्यपूर्वेतील यहुदी अशा दोन्ही वारशांचा अंश आढळला. नावेही तेच सांगत होती : अर्धे तिकडचे, अर्धे इकडचे.

हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिला नाही. १९४८ नंतर समाजाचे बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे साठच्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. ज्यांच्या पूर्वजांनी पुस्तकाविना शनिवार पाळला त्यांच्यावर आजीपणजींची कुळी सिद्ध करण्याची पाळी आली. मुले हिब्रू नावाची असली तरी कोकणात मुलींना बहुधा हिंदू वळणाची नावे असत. आणि यहुदी धर्मशास्त्र वंश मोजते तो आईकडून. समाजाने धरणी धरली, निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये ही अट मागे घेतली गेली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा राज्यात त्यांची संख्या काही हजारांवर आलेली होती.

इस्रायलमध्ये ‘कर’कारान्त आडनावे टिकली; मराठी ‘मायबोली’ नावाचे नियतकालिकही तेथून निघत आले. ‘एझिकिएल’ मात्र पुन्हा ‘येहेज़्केल’ झाले. आणि रोजच्या बोलण्यात हे लांबलचक नाव कोणी पूर्ण उच्चारत नाही. आरंभीचे ‘ये’ टाकतात, शेवटचे ‘केल’ टाकतात, आणि मधल्या दोन व्यंजनांना लाडका प्रत्यय लावून हाक मारतात : ‘हेज़ी’.